निवृत्त आचारी आणि फरारी स्वयंपाकीण

इंग्रजीत सध्या एका जातीच्या खूनकथांना मोठी बरकत आलीय. ‘जातीच्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ह्या कथांत खून होतो पण रक्त दिसत नाही. गाव टुमदार, बागेत फुलं, चहाबरोबर केक, मांडीवर मांजर. पोलीस असतात, पण त्यांच्या टाळक्यात काही शिरत नाही. उमजतं ते कुणातरी निवृत्त माणसाला. निवृत्त मास्तरीण, निवृत्त नर्स, निवृत्त आचारी. इंग्रज ह्या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतो. म्हणजे उबदार. गोधडीत पाय घालून वाचायचा खून. रिचर्ड ऑस्मनने २०२० साली निवृत्तांच्या वसाहतीतली चार म्हातारी माणसं हेरगिरीला लावली आणि पुस्तक जगभर खपलं.

त्यातही आचारी हेर झाला की वाचक जास्तच खूश. मोठ्या हॉटेलात जन्म काढलेला माणूस आता गावी येऊन राहिलाय. नाक तिखट, जीभ त्याहून तिखट. रश्शात काय जास्त झालं, कोणाच्या हाताला कसला वास येतो, हे त्यालाच कळणार. लोक त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसतात, खातात, आणि खाता खाता बोलून जातात. जपानच्या हिसाशी काशिवाईनं हेच उलटं करून दाखवलंय. त्याच्या गोष्टींत निवृत्त पोलीसच क्योटोत खाणावळ चालवतो आणि लोकांच्या हरवलेल्या चवी शोधून देतो. तिथं खूनसुद्धा लागत नाही.

मी सूतगिरणीत कामाला आहे. रात्रपाळी सुटून पारोळ्याला घरी आलो की लगेच झोप लागत नाही, कानात यंत्रं चालूच असतात. तेव्हा मी हे वाचतो, मोबाईलवर, शब्दकोश शेजारी ठेवून. चळवळीतले मित्र विचारतील, ह्यात आपलं काय रे भो? आपलं असं की ह्या कथांत दोनच गोष्टी असतात, खून आणि स्वयंपाकघर. आणि आपल्या देशात ह्या दोन्ही गोष्टी जातीला विचारल्याशिवाय होत नाहीत. अन्न कोणाच्या हातचं चालतं आणि मरण कोणाचं मोजलं जातं, हे सांगा, मी तुम्हाला गावाचा नकाशा काढून देतो.

ह्या कथांचे नियमसुद्धा ठरलेले आहेत. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाईन ह्या अमेरिकन लेखकानं रहस्यकथेचे वीस नियम छापले. त्यातला एक नियम, घरातला नोकर खुनी दाखवायचा नाही. का? तर ते फार सोपं पडतं. खुनी कसा तोलामोलाचा पाहिजे, सहसा ज्याच्यावर संशय जाणार नाही असा. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स ह्या पाद्र्यानं दहा आज्ञा लिहिल्या. त्यातली पाचवी अशी की गोष्टीत चिनी माणूस आणू नये. नॉक्सचा टोमणा त्या काळच्या स्वस्त गोष्टींना होता, ज्यात दर दुसरा दुष्ट माणूस चिनी असायचा. म्हणजे हेतू चांगलाच. पण परिणाम पहा. चिन्याला वाईट म्हणायचं बंद केलं आणि त्याला गोष्टीतूनच बाहेर काढलं.

नोकराचंही तेच. खऱ्या आयुष्यात मालकिणीची अंगठी हरवली की पोलिसाचा हात आधी मोलकरणीच्या झिंज्यांत जातो. पुस्तकात मात्र ती खून करायच्यासुद्धा लायकीची नाही! कादंबरीतला हेर दोनशे पानं पुरावा गोळा करतो. आपल्याकडे १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ साली गेला, पण पारध्याच्या बाबतीत पुरावा म्हणजे अजून त्याचं नाव. अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ १९५९ साली लिहिली ती ह्याच दप्तरावर पलटवार म्हणून. सरकारदरबारी जो दरोडेखोर तो त्यांनी नायक केला. ती रहस्यकथा नाही, कारण तिच्यात रहस्य काहीच नाही. भुकेल्या माणसांनी धान्य का लुटलं ह्याला हेर कशाला पाहिजे?

आपल्या मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड, झुंजार, धनंजय आणि छोटू. सदाशिवपेठी समीक्षेनं नाक मुरडलं, पण आजोबा सांगायचे, मुंबईत गाळ्यावर एक जण मोठ्यानं वाचायचा आणि पाळीवरून आलेले बाकीचे ऐकत पडायचे. काळा पहाड कायद्याला ठेंगा दाखवून लुच्च्या श्रीमंताला लुटतो, ह्यात कामगाराला मजा वाटणारच. पण मी वाचलेल्या त्यांच्या गोष्टींत रामागडी चहा आणतो आणि जातो. चहा ठेवताना त्यानं काय पाहिलं हे कोणी विचारत नाही. विचारणारा एक इंग्रज होता. चेस्टरटननं १९११ साली पुस्तकात आलेल्या एका गोष्टीत चार माणसं दारावर पहाऱ्याला बसवली. खुनी त्यांच्या नाकासमोरून आत गेला आणि बाहेर आला, तरी चौघं शपथेवर सांगतात की कोणी आलं नाही. कारण आलेला माणूस पोस्टमन होता. पोस्टमन दिसतो, पण माणूस म्हणून मोजला जात नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तीनदा वाचली.

आता मुख्य पुस्तकाकडे येतो. रेक्स स्टाउट ह्या अमेरिकन लेखकाची ‘टू मेनी कुक्स’, १९३८ ची. फार झाले आचारी, असं नाव. त्याचा हेर निरो वुल्फ हा हत्तीएवढा लठ्ठ, खाण्यावर जीव टाकणारा, घराबाहेर पाय टाकायला नाराज. तो ह्या पुस्तकात आगगाडीत बसून वेस्ट व्हर्जिनियातल्या कनावा स्पा नावाच्या आलिशान हॉटेलात जातो, कारण तिथं जगातले नामांकित आचारी जमलेत. पैज लागते. एकच सॉस नऊ वेळा केलेला, दर खेपेला त्यातला एक जिन्नस गाळलेला. चाखायचं आणि काय गाळलंय ते ओळखायचं. ह्या खेळात एक आचारी पाठीत सुरा खुपसलेला सापडतो. पुढं जे खाण्याचं वर्णन आहे ते वाचून माझ्यासारख्या कळण्याची भाकरी आणि भरितावर वाढलेल्या माणसाला आधी हसू येतं आणि मग भूक लागते. (आपल्याकडे फौजदारी डाळ आहे. हेराला ह्याहून चांगलं जेवण कुठलं?)

पण हे पुस्तक मी इथं आणलं ते जेवणासाठी नाही. त्या हॉटेलातले मदतनीस आणि वाढपी सगळे काळे आहेत. तिथला शेरीफ त्यांना शिव्या घालून, धाक दाखवून विचारतो आणि कोणी काही सांगत नाही. मग वुल्फ त्या सगळ्यांना रात्री आपल्या खोलीत बोलावतो. बसायला लावतो, प्यायला देतो, नावानं हाक मारतो, मिस्टर लावून. १९३८ साली, वेस्ट व्हर्जिनियात! आणि त्यांच्याशी तो वाद घालतो. धमकी नाही, लाच नाही. वाद. तो म्हणतो ते थोडक्यात असं: समाज हा एक करार आहे, खुनी तुमच्या रंगाचा असेल म्हणून तुम्ही त्याला लपवलंत, तर ज्या भिंतीचा तुम्हाला राग आहे तीच तुम्ही वर चढवताय. बराच वेळ कोणी बोलत नाही. शेवटी पॉल व्हिपल नावाचा पोरगा बोलतो. तो हॉवर्ड विद्यापीठात शिकतो आणि इथं वाढप्याचं काम करतोय. खुनाच्या वेळी जेवणघरात पडद्याजवळ हॉटेलच्या नोकराचा गणवेश घातलेला, काळ्या तोंडाचा एक माणूस उभा होता, हे तिथं बाहेर येतं.

आणि तो माणूस काळा नव्हताच. गोरा होता. जळलेलं बूच तोंडाला फासून, नोकराचा कोट चढवून आला होता. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं की ह्या घरात काळ्या नोकराकडे कोणी धड पाहत नाही. चेस्टरटनचा पोस्टमन इथं रंगासकट आला.

दोस्तांनो, इथं थांबून विचार करा. त्या गोऱ्यानं रंग चोरला. खाली उतरून चोरला, खून करायला. आणि फाशीचा दोर ज्याच्या गळ्यात पडायचा तो कोणी तरी काळा वाढपी. आपल्याकडे बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ह्या १९६३ च्या कथेत एक माणूस वर चढून जात चोरतो. कशासाठी? डोक्यावर छप्पर मिळावं, नोकरी टिकावी एवढ्यासाठी. सापडतो आणि मार खातो. खाली चोरी केली तर खून लपतो, वर चोरी केली तर भाकरी मिळते, आणि मार मात्र दोन्ही वेळा खालच्यालाच.

स्टाउटचं हे प्रकरण मला आवडलं, म्हणून त्याच्याशी भांडायचा मला हक्क आहे. वुल्फचा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे, पण करार कोणी कोणाशी केला? त्या हॉटेलात व्हिपल वाढू शकतो, बसून जेवू शकत नाही. ज्याला पंगतीत पाट नाही त्याला तुम्ही पंगतीचे नियम सांगता. काळे वाढपी गप्प होते ते रंगबंधूला वाचवायला नव्हे. गोऱ्या पोलिसापुढं तोंड उघडलं की बोलणाराच आत जातो, हे त्यांना पिढ्यांनी शिकवलं होतं म्हणून. आपल्या वस्तीत पंचनाम्याला सही द्यायला माणूस का पुढं येत नाही, हे ज्याला कळतं त्याला ती रात्र कळेल. स्टाउटला ती अर्धी कळली. शिवाय गोष्ट सांगणारा वुल्फचा मदतनीस आर्ची, त्याच्या तोंडी काळ्यांसाठी जे शब्द आहेत ते वाचताना दात खावे लागतात. आणि शेवटी हिशेब काय? वुल्फला एका सॉसेजची गुप्त कृती मिळते, जिच्यासाठी तो वर्षानुवर्षं झुरत होता. व्हिपलला काय मिळतं? त्या पुस्तकात काही नाही.

पण लेखक इमानदार असावा, कारण त्याला हे देणं टोचत राहिलं. २६ वर्षांनी, १९६४ साली, त्यानं ‘अ राइट टू डाय’ लिहिली. त्यात व्हिपल परत येतो. आता तो पोक्त, शिकलेला, तरण्या मुलाचा बाप. मुलाला एका गोऱ्या मुलीशी लग्न करायचंय आणि बापाला ते नको आहे. मुलीत काही खोट सापडते का पाहा, असं तो वुल्फला सांगायला आलाय. मग मुलीचा खून होतो आणि मुलाला अटक. वुल्फ जुन्या उपकाराची फेड म्हणून हे काम हातात घेतो. रहस्यकथा म्हणून हे पुस्तक पहिल्यापेक्षा सुकं आहे. पण १९३८ चा प्रश्न होता एकत्र बसण्याचा, आणि १९६४ चा आहे लग्नाचा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त सांगितलं की सहभोजनानं जात मेली नाही, औषध आंतरजातीय लग्नच. एक जाडजूड गोरा खादाड हेर तिथवर यायला २६ वर्षं लागली. आपल्याकडची चकचकीत कादंबरी अजून सहभोजनाच्या फोटोतच अडकली आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. मग पुण्याचं ऐका. सप्टेंबर २०१७. हवामान खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी सिंहगड रस्ता पोलीस चौकीत फिर्याद दिली. काय चोरीला गेलं होतं? सोवळं. घरच्या गौरीगणपतीला आणि श्राद्धाला स्वयंपाक करायला त्यांना सुवासीन ब्राह्मण बाई पाहिजे होती. जी आली ती ब्राह्मण नव्हती असं त्यांना नंतर कळलं. त्या स्वतः तिच्या घरी जाऊन खात्री करून आल्या. म्हणजे पुरावा, साक्षीदार, घटनास्थळ, सगळं रीतसर. आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तोतयेगिरीच्या कलमाखाली! राज्यभर ओरड झाली, मोर्चे निघाले, मग फिर्याद मागे घेतली गेली. ती स्वयंपाकीण आपल्यातली नव्हती, मराठा समाजातली होती. हे मी मुद्दाम सांगतो. मराठ्याच्या हातानं देव बाटतो तर आपल्या हातानं काय होत असेल ह्याचा हिशेब तुम्हीच करा. आणि मोर्चा काढणाऱ्यांनी आपल्या गावच्या पाणवठ्याचाही हिशेब करावा.

ह्या खटल्यात खून नाही, तरी माझ्या मते मराठीतली सगळ्यात अस्सल स्वयंपाकघराची रहस्यकथा हीच. फक्त इथं हेर मालकीण आहे आणि आरोपी स्वयंपाकीण. तिनं मीठ जास्त घातलं नाही, विष घातलं नाही. जेवण चांगलं होतं. तक्रार चवीची नव्हतीच. नाक, जीभ, ज्यावर तो इंग्रजी आचारी एवढा टेंभा मिरवतो, त्यांना इथं काही किंमत नाही. चव घेऊन जात ओळखता येत नाही, म्हणून तर घरी जाऊन बघावं लागलं.

आणि महाभारतातला भीम? विराटाच्या राजवाड्यात बल्लव नाव घेऊन आचारी म्हणून राहिला. नाव खोटं, कूळ खोटं. तिथंच त्यानं कीचकाचा खून केला, तोही रात्री, अंधारात. तोतयेगिरी अधिक खून. त्याच्यावर कोणी फिर्याद केली? उलट आचाऱ्याला आपण अजून बल्लवाचार्य म्हणतो. क्षत्रियानं जात लपवली की तो अज्ञातवास, बाईनं पोटासाठी लपवली की तो गुन्हा.

जात शोधण्याच्या कामात आपल्या देशात प्रत्येक माणूस हेर आहे. शेरलॉक होम्स चिखलाचा रंग पाहून माणूस कुठून आला सांगतो. आमच्या खानदेशात एसटीत शेजारी बसलेला म्हातारा तीन प्रश्नांत काम उरकतो. तुनं नाव काय शे? आडनाव काय शे? आडनाव फसवं निघालं तर मामाचं गाव. गावात घर कुठल्या अंगाला. बस पुढच्या थांब्याला लागायच्या आत निकाल.

‘निवृत्त’ ह्या शब्दावर मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. निवृत्त व्हायला आधी नोकरी लागते. रजा, फंड, पेन्शन लागते. आपल्या आयाबाया ज्या चुलीपाशी उभ्या राहिल्या त्यातली कोण निवृत्त झाली? शाळेतल्या पोषण आहाराचं घ्या. सुप्रीम कोर्टानं २००४ साली आदेश दिला की स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासी ह्यांना प्राधान्य द्या. चांगला आदेश. २००९ पासून केंद्रानं त्यांना ठरवले महिना १००० रुपये, तेही वर्षातले १० महिने. पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान आणि धन दोन्ही नाही त्याला हा शब्द. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांगच्या शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये दलित भोजनमातेच्या हातचं सवर्ण मुलांनी खाल्लं नाही. पोरं जेवत नाहीत म्हणून काढलं कोणाला? तिला. बोभाटा झाल्यावर परत घेतलं. आमच्या मावशीनंही एका गावच्या शाळेत खिचडी शिजवली. दोन महिन्यांत अर्धी पोरं घरून डबा आणायला लागली. कोणी काही बोललं नाही. भांडण नाही, तक्रार नाही, सगळं कसं उबदार. तिनं आपणच काम सोडलं. दप्तरात तिनं ‘स्वेच्छेनं’ सोडलं असं आहे.

म्हणून मला निवृत्त आचारी नको होता. मला पाहिजे होती ती सापडली बार्बरा नीली ह्या काळ्या लेखिकेच्या कादंबरीत. ‘ब्लांश ऑन द लॅम’, १९९२. नायिका ब्लांश व्हाइट. नावाचा अर्थ गोरी गोरी, आणि रंग रात्रीसारखा. लोकांच्या घरी स्वयंपाक आणि झाडलोट करून पोट भरते. निवृत्त नाही, फरारी आहे. मालकलोक पैसे न देता गावाला निघून गेले, तिचे चेक वटले नाहीत, न्यायाधीशानं ३० दिवसांचा तुरुंग सुनावला. ती कोर्टातूनच पळते आणि पळता पळता एका श्रीमंत गोऱ्या घरात कामाला शिरते, कारण मोलकरणीचा पेहराव चढवला की तिला कोणी शोधणार नाही. स्टाउटचा गोरा खुनी जो कोट चोरून घालतो तो ब्लांशच्या अंगावर जन्मापासून आहे. तिनं त्याचंच हत्यार केलंय. लहानपणी तिला काळी म्हणून चिडवत, तेव्हा नात्यातल्या एका बाईनं सांगितलं की तू रात्रीची पोर आहेस, अंधारात तुला कोणी पाहू शकणार नाही. ती शिदोरी तिला पुरते.

त्या घरात कट शिजतोय, आणि तो तिला कळतो तो बुद्धीच्या चमत्कारानं नाही. उष्टी ताटं, न विस्कटलेली अंथरुणं, कपाटातल्या बाटल्या, जिन्यावरचं बोलणं, ह्यांतून कळतो. जे काम ती करते त्या कामातूनच. हे मला फार मोलाचं वाटलं. इंग्रजी कोझीतला आचारी काम सोडून हेर होतो. ब्लांशचं काम हीच तिची हेरगिरी. मी बॉबिनवर हात ठेवून सांगू शकतो की धागा कुठल्या यंत्रावर तुटणार आहे. हे ज्ञान आहे, पण त्याला पुस्तकात जागा नव्हती.

दुसरी गोष्ट. त्या घरात नेट नावाचा म्हातारा काळा माळी आहे. तो मारला जातो. कोझीच्या नियमानं असला माणूस मेला तर तो फक्त दुवा असतो, पुढच्या प्रकरणापर्यंत पोचायची पायरी. अगाथा ख्रिस्तीनं १९५३ च्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ मध्ये हा नियम थोडा वाकवला होता. तिथं ग्लॅडिस नावाची मोलकरीण मरते आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असतो. मिस मार्पल चिडते, कारण तिला घरकाम मार्पलनंच शिकवलं होतं. तो राग खरा आहे, पण मालकिणीचा आहे. ब्लांशचा राग वेगळा. नेट तिच्या रंगाचा, तिच्या वर्गाचा. त्याच्या मरणावर कोणाची झोप उडणार नाही, हे तिला ठाऊक आहे, म्हणून तीच झोप सोडते.

आणि एक रोग ती सांगते. मालकाच्या घराला आपलं घर समजण्याचा, मालकिणीच्या दोन गोड शब्दांना माया समजण्याचा रोग. नीलीनं त्या रोगाला काळ्यांच्या नावावरूनच बोचरं नाव दिलंय. आपल्याकडे तो रोग आहे की नाही? ‘आमच्या घरच्यासारखीच आहे हो ती’, असं मालकीण म्हणते आणि कप वेगळा ठेवते. आणि आपली बाई ते सांगताना हरखते, हेही मी पाहिलंय. ब्लांश त्या घरातल्या मंदबुद्धी पोराला, मम्सफील्डला, जीव लावते, आणि स्वतःला सारखी बजावते की हा जीव लावणं म्हणजे कुठपर्यंत. हा झगडा कादंबरीचा गाभा आहे. खून कोणी केला हे मी आठ दिवसांत विसरलो, हा झगडा विसरलो नाही.

दोष नाहीत असं नाही. शेवटाला धावपळ आहे, योगायोग फार आहेत. पहिल्याच कादंबरीला अगाथा, अँथनी, मॅकॅव्हिटी अशी रहस्यकथेची तीन पारितोषिकं मिळाली, ती गुंफणीसाठी मिळाली असं मला वाटत नाही. दुसऱ्या कादंबरीत, १९९४ सालच्या, नीली आणखी अवघड जागी हात घालते. तिथं सुट्टीच्या ठिकाणी जमलेले सगळे काळेच आहेत, पण शिकलेले, पैसेवाले, उजळ कातडीचे, आणि काळ्याकुट्ट स्वयंपाकिणीला पाहून नाक मुरडणारे. हे वाचून आपल्यातल्या सायबांच्या वसाहती आठवल्या. भीमजयंतीला वर्गणी देणारे आणि धुणीवालीला जिन्याखाली थांबवणारे. पोटजात विचारून सोयरीक करणारे. आपलं नियतकालिक आपल्यावरही हे लिहील तेव्हा मी त्याला जास्त मानीन.

चौकशी कशी करावी ह्याचा नमुना शोधायला मात्र मला अमेरिकेत जायची गरज नाही. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली, तिच्यावर बाबासाहेब होते. खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्या वाट्याला आले. परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता. ते गावात जाऊन माहिती घेऊन चाळीसगावला परतले. तिथं महारवाड्याकडे नेताना टांग्याचं चाक पुलावरच्या दगडांत अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त त्यांनी हे लिहून ठेवलंय. अपघात कोणी केला? टांगा हाकणाऱ्यानं, असं कोणीही म्हणेल. बाबासाहेब तिथं थांबत नाहीत. हाकणाऱ्याला हाकता का येत नव्हतं? कारण तो टांगेवाला नव्हता. टांगेवाला का नव्हता? कारण एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता; टांगा भाड्यानं द्यायला तयार होता. आणि मंडळींनी चालत का नेलं नाही? कारण पाहुण्याचा मान राखायचा होता. एकेक दुवा असा उलगडत ते पोचतात तिथं, की हलक्यातला हलका टांगेवालासुद्धा बॅरिस्टर महारापेक्षा स्वतःला उंच समजतो. लगाम ज्याच्या हातात होता तो गुन्हेगार नव्हे. पाय मोडून दुखत असताना ही तपासणी त्या माणसानं केली आणि पान-दोन पानांत लिहिली. व्हॅन डाईनच्या वीस नियमांत ती बसत नाही.

मराठीत कोणी तरी लवकरच आचारी-हेराची कादंबरी लिहील, मला खात्री आहे. पुण्यातला किंवा कोकणातला बंगला असेल, मोदकाच्या उकडीवरून खून उघडकीला येईल. लिहा बापडे. माझी एवढीच अट आहे की त्या आचाऱ्याचं आडनाव पहिल्या पानावर सांगा आणि पंगतीत वाढपी कोण होते तेही सांगा. आमच्या इकडे लग्नघरी खापरावर मांडे करणाऱ्या बाया असतात, उघड्या हातावर पुरणाचा मांडा चादरीएवढा पसरवतात, तिला घेतलंत तरी चालेल. तिला कोणाच्या अंगणात बोलावतात आणि कोणाच्या नाही, ह्यावर तीन प्रकरणं होतील.

आणि वाढपी म्हणाल तर आमच्या वस्तीतली कॉलेजची पोरं लग्नसराईत केटररकडे रोजावर जातात. धुळे, अमळनेर, जळगाव. डोक्याला टोपी, हाताला मोजे, अंगात केटररचा काळा कोट. भातापाशी उभं राहून कोण कोणाशी बोलतं, कोण ताट टाकून उठतं, कुठल्या खोलीत हुंड्याचे आकडे चालू आहेत, सगळं बघतात. मागल्या हंगामात एकाला वरपक्षाच्या कोणा काकानं वाढणं आवडलं म्हणून शाबासकी दिली, वर पन्नासची नोट दिली आणि मग विचारलं, आडनाव काय रे तुझं? पोरानं केटररचं आडनाव सांगितलं आणि भाताचं पातेलं उचलून पुढच्या टेबलाकडे गेला.